कावेरीकाठची कादंबरी आणि वेशीबाहेरची माणसं

यमुनेला पाहायला येणारी स्थळं परत जातात. मुलगी देखणी, शहाणी, बोलण्याचालण्यात कुठेही उणी नाही. वडील सुब्रह्मण्य अय्यर तमिळ ब्राह्मण, एकेकाळी सुस्थितीतले. स्थळ मोडतं ते आईची माहिती निघाल्यावर. आई पार्वती तंजावरच्या मराठी घराण्यातली आहे आणि अय्यरांचं दुसरं घर आहे. बापाच्या जातीत मुलीला जागा नाही आणि आईच्या जातीतही नाही. वडील गेल्यावर घरात दारिद्र्य येतं आणि वय वाढत जातं, पण तिच्या नशिबातली गाठ सुटत नाही. ति. जानकीरामन यांची ‘मोगमुळ’ ही कादंबरी विसाव्या शतकाच्या मध्यावर ‘सुदेशमित्रन’मध्ये क्रमशः आली आणि आज तमिळमधल्या अभिजात कादंबऱ्यांत तिची गणना होते. कुंभकोणमच्या गल्ल्या, कावेरीचे घाट, रंगण्णांची संगीतसाधना आणि यमुनेवर जीव जडलेला तिच्याहून दहा वर्षांनी लहान बाबू, एवढ्यावर तिची कीर्ती उभी आहे. मराठी वाचक मात्र वेगळ्याच ठिकाणी थबकतो. इथे ज्या रक्तामुळे माणूस नाकारलं जातं, ते रक्त मराठी आहे.

अभिजात कथासाहित्यात वंशाचा आणि जातीचा अन्याय कसा दिसतो, तो कोण सांगतो आणि कोणाविषयी कोणी बोलतच नाही, हे प्रश्न गेल्या काही दशकांत जगभर विचारले गेले. अमेरिकेत मार्क ट्वेनची ‘हकलबरी फिन’ आणि हार्पर ली यांची १९६० मधली ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या दोन्ही कादंबऱ्या नव्या नजरेनं वाचल्या गेल्या. लीच्या कादंबरीतल्या टॉम रॉबिन्सनवर खोटा आरोप येतो, त्याला दोषी ठरवलं जातं आणि शेवटी त्याचा जीव जातो. पण वाचकाला हे सगळं त्याच्या गोऱ्या वकिलाच्या मुलीच्या डोळ्यांनी दिसतं. टॉमच्या घरात रात्री काय बोललं गेलं, हे कादंबरीला ठाऊक नाही. टोनी मॉरिसन यांनी १९९२ मध्ये ‘प्लेइंग इन द डार्क’ या पुस्तकात हाच मुद्दा पुढे नेला: गोऱ्या लेखकांच्या लेखनात काळी माणसं जिथे गप्प आहेत किंवा गैरहजर आहेत, ती जागाही समीक्षेनं वाचायला हवी. महाराष्ट्राला ही जोडणी परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना.

हाच निकष घेऊन कुंभकोणमकडे पाहिलं, तर एक मोठी आणि अपुरी परंपरा समोर येते.

कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांमध्ये वसलेलं हे देवळांचं गाव तमिळ साहित्याचंही माहेर आहे. १८५४ मध्ये सुरू झालेल्या इथल्या सरकारी महाविद्यालयाला दक्षिणेचं केंब्रिज म्हणत. संगम वाङ्मयाच्या हस्तलिखितांना नवं आयुष्य देणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर १८८० पासून इथे तमिळ शिकवत होते. न. पिच्चमूर्ती आणि कु. प. राजगोपालन या नव्या तमिळ कवितेच्या आणि कथेच्या दोन अग्रणींचा जन्म इथला. एम. व्ही. वेंकटराम इथल्या रेशीम विणणाऱ्या सौराष्ट्र समाजातले. करिच्चान कुंजू यांचं आयुष्यही याच परिसराशी बांधलेलं. जानकीरामन मन्नारगुडीजवळच्या देवंगुडीचे, पण त्यांच्या कथाविश्वाचा जीव कुंभकोणममध्ये.

या गावांची रचनाच एक सामाजिक नकाशा आहे. देवळाभोवती अग्रहारम, म्हणजे ब्राह्मणांच्या लांबलचक घरांच्या रांगा. मग इतर जातींचे रस्ते. आणि भाताच्या खाचरांपलीकडे, गावाची हद्द संपल्यावर, चेरी म्हणजे दलितांची वस्ती. मराठी वाचकाला गावकूस आणि महारवाडा माहीत आहे, त्यामुळे हे समजावून सांगायची गरज नाही. कॅथलीन गॉफ यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तंजावर जिल्ह्यात राहून केलेला अभ्यास आणि आंद्रे बेतेय यांचं १९६५ मधलं ‘कास्ट, क्लास अँड पॉवर’ या दोन्हींत हा नकाशा बारकाईनं मांडलेला आहे. कोण कोणत्या रस्त्यानं चालायचं, कोणी कुठे थांबायचं, मजुरी कुठे उभं राहून घ्यायची, हे सगळं ठरलेलं होतं.

अग्रहारमच्या आत काय जळतं, हे कुंभकोणमच्या लेखकांनी विलक्षण धैर्यानं लिहिलं. ‘मोगमुळ’मध्ये शेजारची तंगम्मा म्हाताऱ्या नवऱ्याला दिलेली तरुण मुलगी आहे. तिचा शेवट आत्महत्येत होतो आणि ती आत्महत्या वाचकाला बाबूइतकीच छळत राहते. १९६६ च्या ‘अम्मा वंदाळ’नं वेदाध्ययन करणाऱ्या मुलाला त्याच्या आईच्या संसारबाह्य नात्यासमोर उभं केलं, आणि पावित्र्याच्या कल्पनेनं घर कसं आतून पोखरतं ते दाखवलं. करिच्चान कुंजूंची १९७८ ची ‘पसित्त मानिडम’ तर कुष्ठरोग झालेल्या ब्राह्मण माणसाची गोष्ट आहे. ज्याला कोणी शिवत नाही, ज्याला पंगतीत जागा नाही, ती अवस्था इथे अग्रहारममध्ये जन्मलेल्या देहावर येते. अस्पृश्य होणं म्हणजे काय, हे या परंपरेला रोगाच्या वाटेनं कळलं, आणि कळलं तेव्हा ते तिनं लपवलं नाही.

वेंकटराम यांची ‘वेळवित्ती’ विणकरांच्या घरात शिरते. हातमाग, सावकार, घरातलं अर्थकारण आणि त्यात होरपळणारी माणसं तिथे आहेत. शतकांपूर्वी पश्चिमेकडून स्थलांतर करत तमिळ देशात स्थिरावलेल्या समाजाची ती आतून सांगितलेली कहाणी आहे. म्हणजे कुंभकोणमचं साहित्य एकाच जातीचं राहिलं, असा आरोप टिकत नाही.

तरीही या कादंबऱ्यांतल्या पानावर वाढलेला भात कोणी पिकवला, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. कावेरीच्या खोऱ्यातली शेती पण्णैयाळ म्हणवणाऱ्या बांधील मजुरांच्या बळावर चालायची आणि त्यांतले बहुसंख्य दलित होते. चूक झाली की चाबकाचे फटके आणि शेण कालवलेलं पाणी पाजणं, या शिक्षा पूर्व तंजावरमध्ये सर्रास होत्या. १९४० च्या दशकात बी. श्रीनिवासराव यांच्यासारख्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी मजुरांना संघटित केलं, १९४४ मध्ये मन्नारगुडीत करार झाला आणि या शिक्षा थांबवण्याचं मान्य झालं. १९५२ मध्ये कुळांना आणि पण्णैयाळांना संरक्षण देणारा कायदा आला. मन्नारगुडी हा जानकीरामन यांचाच मुलूख. ते तरुण होते, लिहीत होते, त्याच वर्षांत हे घडत होतं. कावेरीच्या पाण्याचा रंग, वीणेचा स्वर, स्त्रीच्या मनातली वळणं इतक्या सूक्ष्मपणे टिपणाऱ्या लेखणीच्या केंद्रस्थानी चेरी कधी आली नाही. जानकीरामन यांच्या मोठेपणाला याने बाध येत नाही. पण वर्गात, चर्चासत्रात, प्रस्तावनेत हे सांगितल्याशिवाय त्यांचं वाचन पुरं होत नाही.

याआधीच्या तमिळ परंपरेत मात्र एक दलित नायक ठळकपणे उभा आहे. शेक्किळारच्या बाराव्या शतकातल्या ‘पेरियपुराणम’मध्ये नंदनार भेटतो. तो देवळातल्या वाद्यांसाठी कातडं पुरवणारा, चिदंबरमच्या दर्शनासाठी तळमळणारा आणि अखेर अग्नीतून शुद्ध होऊनच आत जाऊ शकलेला. एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारती यांनी ‘नंदनार चरित्र’ रचलं आणि त्यात मूळ पुराणात नसलेला ब्राह्मण जमीनदार आणला. दर्शनाला जायची परवानगी आता देवाकडे मागायची नाही, मालकाकडे मागायची. भारती याच कावेरीच्या मुलखातले, त्यांना पण्णैयाळाचं जिणं डोळ्यांसमोर दिसत होतं. भक्तीच्या कथेत जमिनीचा प्रश्न शिरला तो इथून. १९३५ आणि १९४२ मध्ये त्यावर गाजलेले चित्रपट निघाले. त्याच सुमारास पुदुमैपित्तन यांनी ‘पुदिय नंदन’ ही कथा लिहून भक्तीचं आवरण काढून टाकलं. त्यांच्या कथेत गांधीवादी ब्राह्मण तरुण, बंडखोर दलित तरुण आणि एक म्हातारा असे तिघेही एकाच आगगाडीखाली सापडतात.

पंढरपूरच्या वाटेवर वाढलेल्या वाचकाला चोखोबा आठवल्याशिवाय राहत नाही. मंगळवेढ्याच्या कुसाची भिंत बांधताना ती कोसळून गेलेला हा संत विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर समाधिस्थ आहे. नंदनाराला आत जायला आगीतून जावं लागलं आणि चोखोबा दाराबाहेरच राहिला. दोन्हीकडे समाजानं संतांना पूजलं आणि त्यांच्या जातीच्या माणसांना १९३९ आणि १९४७ पर्यंत बाहेर उभं केलं. १९३९ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे वंशपरंपरेनं विश्वस्त असलेल्या भोसले घराण्यानं ते सर्वांना खुलं केलं. १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचं दार उघडलं.

मराठी माणसांचा या साहित्याशी आणखी जुना संबंध आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातले शहाजीराजे १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्यांच्या मराठी नाटकांना आरंभाचा मान आहे. त्यांनीच तेलुगूत ‘सतीदानशूरमु’ हे यक्षगान लिहिलं. मोरोभट नावाचा ब्राह्मण मन्नारगुडीच्या उत्सवात एका अस्पृश्य बाईवर भाळतो, शिष्य त्याला परोपरीनं सोवळ्याची आठवण करून देतो, आणि गोष्ट त्या बाईच्या नवऱ्यापर्यंत जाते. दरबारात बसलेल्या लोकांना हसवत राजा त्यांच्याच शुचिर्भूतपणाचं ढोंग उघडं पाडतो. तीनशे वर्षांपूर्वी हे मंचावर आलं, हे विशेष आहे. मात्र सगळ्या गोंधळाच्या मुळाशी असलेली ती बाई कोणाच्या शेतात राबते, हा त्या प्रहसनाचा विषय नाही.

ज्या प्रश्नाकडे साहित्यानं पाठ फिरवली, तो २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री सगळ्यांसमोर येऊन उभा राहिला. नागपट्टिनमजवळ, तेव्हाच्या अखंड तंजावर जिल्ह्यात, कीळवेण्मणी गावातल्या एका झोपडीत आसरा घेतलेल्या ४४ दलितांना जाळून मारण्यात आलं. त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. मजुरांची मागणी थोड्या वाढीव भाताची होती, आणि त्यांनी लाल बावटा खाली घ्यायला नकार दिला होता. सत्र न्यायालयानं काही जमीनदारांना शिक्षा दिली, पण १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं त्यांना मुक्त केलं. या निकालातलं एक कारण आजही वाचवत नाही: एवढे श्रीमंत, मोठ्या जमिनींचे मालक स्वतः चालत जाऊन झोपड्यांना आग लावतील, हे न्यायालयाला पटण्याजोगं वाटलं नाही. असं काम ते नोकरांकरवी करतील, असा त्यामागचा तर्क होता. न्यायमूर्तींना जमीनदाराच्या मनाची कल्पना करता आली, चेरीत उभं राहून पाहणाऱ्याच्या डोळ्यांची करता आली नाही. साहित्यात जी दृष्टी अपुरी होती, तीच इथे निकाल होऊन आली आणि तिची किंमत मेलेल्यांच्या नातलगांनी मोजली.

कुंभकोणममध्ये वाढलेले, दिल्लीत अध्यापन करणारे इंदिरा पार्थसारथी यांनी या हत्याकांडावर १९७५ मध्ये ‘कुरुदिप्पुनल’ लिहिली. १९७७ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यावर आधारलेला ‘कण सिवंदाल मण सिवक्कुम’ हा श्रीधर राजन यांचा चित्रपट १९८३ मध्ये आला. सवर्ण मध्यमवर्गातल्या लेखकानं मुख्य प्रवाहाच्या कादंबरीत या घटनेला हात घातला, हे त्या काळात सोपं नव्हतं. दिल्लीहून गावात आलेले सुशिक्षित तरुण, जमीनदार कन्नैया नायडू आणि कम्युनिस्ट रामय्या यांच्यातला ताण कादंबरी ताकदीनं उभा करते.

पण तिथेच तिचं दुखणंही आहे. जमीनदाराच्या क्रौर्याचं मूळ कादंबरी त्याच्या पौरुषाच्या न्यूनगंडात शोधते. डाव्या समीक्षकांनी यावर तेव्हाच कडाडून हरकत घेतली, आणि ती हरकत बरोबर होती. मजुरीचा वाद, भात उत्पादकांची संघटना, हरित क्रांतीनंतर वाढलेलं उत्पन्न आणि त्यातला वाटा नाकारलेले हात हे सगळं सामुदायिक होतं. ते एका माणसाच्या बिघडलेल्या मनात कोंडलं की इतर सगळे जमीनदार आपोआप सुटतात. शिवाय गोष्ट कळते ती बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसांच्या नजरेतून. टॉम रॉबिन्सनच्या घराचं दार जसं बंद राहिलं, तशी ती झोपडी इथेही बाहेरूनच दिसते.

पुढच्या लेखनानं ही उणीव भरून काढायचा प्रयत्न केला. तिरुवारूर भागातल्या सोलै सुंदरपेरुमाळ यांच्या १९९९ च्या ‘सेन्नेल’नं मजुरांच्या संघटनेला आणि त्यांच्या रोजच्या जगण्याला मध्यभागी आणलं. भारती कृष्णकुमार यांच्या ‘रामय्याविन कुडिसै’ या माहितीपटानं वाचलेल्या माणसांना कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं. मीना कंदसामी यांची २०१४ मधली ‘द जिप्सी गॉडेस’ ही इंग्रजी कादंबरी तर हत्याकांड सांगायचा अधिकार कोणाचा आणि ते कसं सांगायचं, याच प्रश्नाशी झुंजते. २०१९ मध्ये वेट्रिमारन यांनी पूमणींच्या ‘वेक्कै’ या १९८२ च्या कादंबरीवर ‘असुरन’ केला. त्यातल्या नायकाच्या पूर्वायुष्याच्या भागात झोपड्या जळतात तेव्हा तमिळ प्रेक्षकाला कीळवेण्मणीच आठवतं. हा चित्रपट लाखो लोकांनी पाहिला. कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा त्यानं ही आठवण जास्त दूर नेली.

तमिळमधलं दलित लेखन १९९० च्या दशकात जोमानं वर आलं. त्याआधी मराठीत बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ मध्ये, दलित पँथर १९७२ मध्ये आणि दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये येऊन गेलं होतं. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेला मराठी दलित साहित्याचा ‘पॉयझन्ड ब्रेड’ हा इंग्रजी संग्रह १९९२ मध्ये आला आणि त्याच वर्षी बामांचं ‘करुक्कु’. शिवकामी, इमयम, चो. धर्मन यांनी पुढे तमिळ कादंबरीचा चेहरा बदलला. जाफन्याचे के. डॅनियल यांची ‘पंचमर’ १९७२ चीच. त्यांचं निधन १९८६ मध्ये तंजावरला झालं.

या नावांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. पूमणी आणि धर्मन कोविलपट्टीच्या कोरड्या काळ्या मातीतले, बामा विरुदुनगरकडच्या, इमयम कडलूर जिल्ह्यातले. पाण्यानं समृद्ध कावेरीचं खोरं यात मागे आहे. याचं एक कारण जमिनीच्या मालकीत असावं. खोऱ्यातल्या मजुराची झोपडीही मिरासदाराच्या जागेवर असे, आणि राहत्या जागेचा हक्क देणारा कायदा तमिळनाडूत १९७१ मध्ये आला. ज्याला उद्या घरातून हुसकावलं जाऊ शकतं, त्याच्या मुलानं शाळेत टिकणं आणि लेखक होणं किती अवघड असेल? कुंभकोणमला महाविद्यालय १८५४ मध्ये मिळालं, पण चेरीतल्या मुलापासून ते शंभर वर्षं दूर होतं. महाराष्ट्रात डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं केलं आणि त्यांतून लेखकांची, समीक्षकांची पिढी निघाली. अमेरिकेतल्या काळ्या लेखकांचं साहित्य मराठीत चर्चेत आणणारे म. ना. वानखेडे मिलिंदमध्येच होते. गिरण्या, रेल्वे आणि शहरातली भाड्याची खोली यांनी गावाबाहेर पाऊल टाकायला जागा दिली. प्रतिभा कुठेही जन्मते, पण तिला हातात वही यावी लागते.

आजच्या समाजात या कादंबऱ्यांचे पडसाद शोधायला लांब जावं लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यातल्या वेंगैवयल गावात दलितांच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीत विष्ठा आढळली. शेणाचं पाणी पाजण्याची शिक्षा थांबवून तोवर ७८ वर्षं झाली होती. जानेवारी २०२४ मध्ये तंजावर जिल्ह्याच्या ओरत्तनाडू तालुक्यात दलित तरुणाशी लग्न केलेल्या १९ वर्षांच्या मुलीचा जीव घेतला गेला आणि तिच्या आईवडिलांना अटक झाली. पेरुमाळ मुरुगन यांनी २०१३ मध्ये ‘पूक्कुळि’त अशाच एका लग्नाची कथा लिहिली होती. मराठीत नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये त्याच अंगणात येऊन थांबला. यमुनेच्या काळी जातीबाहेरच्या नात्याची शिक्षा आयुष्यभर लग्न न होणं ही होती.

ओरत्तनाडूचं दुसरं नाव मुक्तांबाळपुरम. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी मुक्तांबाळ या स्त्रीच्या नावानं तिथे छत्र, म्हणजे प्रवाशांसाठी धर्मशाळा, उभारलं. १८०१ मध्ये कंपनी सरकारला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितलं होतं की आपल्या छत्रांत ब्राह्मणापासून परैयापर्यंत सर्व जातींच्या प्रवाशांना अन्न मिळतं. त्याच घराण्यानं ब्राह्मणांना अग्रहारं इनाम दिली आणि त्या जमिनीवर पण्णैयाळ राबत राहिले. मराठी वाचक ‘मोगमुळ’मध्ये फक्त यमुनेशी नातं जोडून मोकळा होऊ शकत नाही. तिच्या आईचं घराणं या खोऱ्याचं धनीही होतं. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचा मोठा साठा आहे आणि त्यात राज्याचे खर्च, इनामं आणि छत्रांचे हिशेब आहेत. ते वाचू शकणारे अभ्यासक आज मुख्यतः महाराष्ट्रात आहेत, आणि कीळवेण्मणीवरचं तमिळ लेखन मूळ भाषेतून थेट मराठीत आणणारे अनुवादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी हे दोन्ही हात एका टेबलाशी आणले, ‘मोगमुळ’, ‘कुरुदिप्पुनल’ आणि ‘सेन्नेल’ एकाच अभ्यासपत्रिकेत ठेवल्या आणि शेजारी बागुल व बामा ठेवले, तर कावेरीकाठच्या कादंबरीचा उरलेला अर्धा भाग वाचायला सुरुवात होईल.